राष्ट्राचे शिक्षक : नामदार गोपाळ कृष्ण गोखले

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना गोपाळ कृष्ण गोखले प्रथम भेटतात ते गणिताच्या एका गोष्टीतून. गुरुजींनी घरी सोडवायला दिलेली सारी उदाहरणे एकट्या गोपाळने बरोबर करून आणली. गुरुजींनी त्याला पहिल्या जागेवर बसायला सांगितले आणि तो मुलगा रडू लागला, कारण त्यांतील एक उदाहरण त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडवले होते. पाठ्यपुस्तकांनी ही गोष्ट घरोघरी पोहोचवली आणि अनेकांच्या मनातील गोखले त्या अश्रूंपाशीच थांबले. त्यांच्या प्रामाणिकपणाची खरी परीक्षा मात्र पुढे, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, साऱ्या देशासमोर झाली. त्या वेळी त्यांना पहिली जागा मिळाली नाही. वाट्याला आली ती निर्भर्त्सना. त्यानंतर पंधरा वर्षांनी, देशातील प्रत्येक मुलाला शाळेत बसण्याचा हक्क मिळावा म्हणून त्यांनी जे विधेयक मांडले, तेही हरले. हे दोन प्रसंग समजून घेतल्याशिवाय गोखल्यांची राष्ट्रभक्ती कोणत्या जातीची होती, हे उमगत नाही.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ मध्ये ते वारले तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि कागलला पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यांतले आठ रुपये दरमहा कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला जात आणि उरलेल्या सात रुपयांत घर चाले. गोपाळला या हिशेबाची जाणीव होती. दिव्याच्या तेलाचा खर्च वाचावा म्हणून तो रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास करी. १८८१ मध्ये मॅट्रिक झाल्यावर आता नोकरी धरून भावाचा भार हलका करावा, असे त्याच्या मनात होते. पण घरच्यांनी ते ऐकले नाही. महाविद्यालयाच्या खर्चासाठी वहिनींनी आपले दागिने पुढे केले. कोल्हापूरचे राजाराम, पुण्याचे डेक्कन आणि मुंबईचे एल्फिन्स्टन अशा तीन महाविद्यालयांत शिकून १८८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते बी. ए. झाले. दुसऱ्याच्या त्यागावर आपले शिक्षण उभे आहे, ही जाणीव त्यांना जन्मभर पुरली.

अठरा वर्षांच्या पदवीधराला त्या काळी सरकारी नोकरीची वाट मोकळी होती. वकिलीत पैसाही होता आणि प्रतिष्ठाही. गोखल्यांनी १८८५ च्या आरंभी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षकाची जागा पत्करली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांनी उभी केलेली ही शाळा साधी शाळा नव्हती. परक्या सत्तेखाली स्वतःच्या लोकांनी, स्वतःच्या बळावर शिक्षण द्यावे, असा तो प्रयोग होता. टिळक आणि आगरकर यांच्या संगतीने गोखले त्यात ओढले गेले. १८८६ मध्ये ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. वीस वर्षे दरमहा पंचाहत्तर रुपये वेतनावर शिकवायचे, अशी ती प्रतिज्ञा होती. योगायोग असा की, ज्या वर्षी ते प्रथम वर्गात उभे राहिले, त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. राष्ट्रीय सभा आणि गोखले यांचे सार्वजनिक जीवन अशा रीतीने बरोबरीने वाढले.

फर्ग्युसन महाविद्यालयात गोखल्यांनी गणित शिकवले, इंग्रजी शिकवले, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवले. ज्या विषयाला शिक्षक नसे, तो गोखल्यांकडे येई. उपजत प्रतिभेपेक्षा तयारीवर त्यांची भिस्त होती. प्रत्येक तासासाठी ते इतकी मेहनत घेत की, इंग्रजी पुस्तकांतील पानेच्या पाने त्यांना मुखोद्गत असत. त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक पुढे अनेक वर्षे शाळाशाळांतून चालले. सुट्टी लागली की ते संस्थेसाठी वर्गणी गोळा करायला बाहेर पडत. कुठे मान मिळे, कुठे दारातूनच निरोप मिळे. महाविद्यालयाची इमारत उभी राहण्यात या पायपिटीचा मोठा वाटा होता.

याच काळात त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारखा गुरू लाभला. सार्वजनिक सभेच्या इंग्रजी त्रैमासिकाचे संपादन गोखल्यांकडे आले आणि खऱ्या अर्थाने त्यांचे दुसरे विद्यार्थिजीवन सुरू झाले. सरकारी अहवाल, अंदाजपत्रके आणि जमीनमहसुलाचे तक्ते रानडे त्यांच्यासमोर ठेवत. गोखले टिपणे काढत, मसुदे लिहीत. रानडे ते तपासत, खोडत आणि पुन्हा लिहायला लावत. अशी चौदा वर्षे गेली. तिकडे विलायतेत दादाभाई नवरोजी भारताची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते, हे आकड्यांनी दाखवत होते. या दोघांच्या शिकवणीतून गोखल्यांनी एक गोष्ट उचलली. परक्या राज्याचा अन्याय केवळ भावनेने सांगितला, तर तो क्षणभर पेट घेऊन विझतो. हिशेबाने सिद्ध केला, तर त्याला उत्तर द्यावेच लागते. राष्ट्रवाद म्हणजे आपल्या देशाची नेमकी माहिती असणे, हा धडा त्यांनी पक्का केला.

पुण्यातील सार्वजनिक जीवन मात्र त्याच सुमारास दुभंगत होते. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय हक्क आधी, या वादात टिळक आणि आगरकर दूर गेले. टिळकांनी १८९० मध्ये संस्था सोडली. गोखले आगरकरांच्या बाजूला राहिले आणि ‘सुधारक’ पत्राच्या इंग्रजी भागाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. टिळकांचा मार्ग लोकांना चेतवण्याचा होता, गोखल्यांचा त्यांना घडवण्याचा. देशाला दोहोंची गरज होती, हे आज कळते. त्या काळी मात्र प्रत्येकाला आपली बाजू निवडावी लागत होती.

१८९७ साल उजाडले. भारताच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गोखले विलायतेला गेले. सुरेंद्रनाथ बॅनर्जी, दिनशा वाच्छा आणि जी. सुब्रह्मण्य अय्यर हे वयाने आणि अनुभवाने मोठे नेतेही साक्षीला होते. एकतीस वर्षांच्या या शिक्षकाने लष्करावरचा खर्च, इंग्लंडकडे जाणारी रक्कम आणि मोठ्या जागांपासून दूर ठेवलेले भारतीय, यांचे चित्र आकड्यांनिशी उभे केले. उलटतपासणीतही ते डगमगले नाहीत. रानड्यांच्या हाताखाली केलेला अभ्यास फळाला आला होता.

त्याच वेळी पुण्यात प्लेगचा हाहाकार माजला होता. अधिकारी रँड यांच्या देखरेखीखाली गोरे शिपाई घरोघर झडत्या घेत होते, देवघरे आणि माजघरे धुंडाळत होते, माणसांना छावणीत हलवत होते. गावाकडून गोखल्यांना विश्वासू माणसांची पत्रे येऊ लागली. शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतील एकीने आत्महत्या केली, असे त्यांत कळवले होते. गोखल्यांनी हा मजकूर तेथील वृत्तपत्रातून जाहीर केला आणि विलायतेत खळबळ उडाली. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला आणि पुरावा मागितला. दरम्यान २२ जूनच्या रात्री पुण्यात रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जुलैच्या अखेरीस टिळकांना अटक झाली. वातावरण असे तापलेले असताना गोखल्यांची बोट मुंबईला लागली.

उतरल्याबरोबर त्यांनी पुरावा शोधायला सुरुवात केली. पण ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांच्यापैकी कोणी पुढे यायला तयार होईना. भीतीचे दिवस होते, ते समजण्यासारखे होते. पुण्यातील लोकांचा संताप खरा होता, झडत्यांतील अपमान खरे होते. परंतु जो विशिष्ट आरोप गोखल्यांनी स्वतःच्या तोंडाने केला होता, तो सिद्ध करण्याजोगा आधार त्यांच्या हाती नव्हता. समोर दोन वाटा होत्या. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगून मोकळे व्हायचे किंवा काहीही न बोलता वादळ ओसरू द्यायचे. गोखल्यांनी दोन्ही नाकारल्या. नावे त्यांनी कधीच उघड केली नाहीत आणि ऑगस्टच्या आरंभी गव्हर्नर, प्लेग समितीचे सभासद आणि शिपाई यांची बिनशर्त माफी मागितली.

ही माफी स्वकीयांना फार लागली. तिच्यात शिपायांच्या कामाविषयी चांगले शब्द होते, ते तर अधिकच झोंबले. देशाची मान खाली घातली, असे लोक बोलू लागले. इंग्रजी पत्रांनी त्यांची टर उडवली ती वेगळीच. त्या वर्षाच्या अखेरीस अमरावतीला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले तेव्हा गोखल्यांनी व्यासपीठावरून बोलू नये, असाच अनेकांचा सूर होता. सार्वजनिक जीवन संपले, असे वाटण्याजोगी ती वेळ होती. माफीचे शब्द किती मोजके हवे होते, यावर मतभेद होऊ शकतात. पण मुलांसमोर फळ्यावर चूक लिहिली गेली, तर ती मुलांसमोरच पुसावी लागते, हा शिक्षकाचा नियम त्यांनी स्वतःला लावला. गोखले पुण्याला परतले आणि प्लेगची साथ पुन्हा आली तेव्हा रुग्णांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या मदतीला स्वयंसेवक म्हणून उतरले. त्यांनी स्वतःच्या बचावासाठी वाद घातला नाही. हळूहळू लोकांचे मत बदलले, ते या कामामुळे. दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून आले. तेव्हापासून पुढे त्यांचा एकही आकडा सरकारला सहज खोडता आला नाही. त्या एका चुकीने त्यांना आयुष्यभराचे सावधपण शिकवले होते.

१९०२ च्या मार्चमध्ये कलकत्त्याला, व्हाइसरॉय कर्झन यांच्या अध्यक्षतेखालील वरिष्ठ कायदेमंडळात गोखल्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीत शिल्लक पडते म्हणजे देश सुखी आहे, असा सरकारचा दावा होता. गोखल्यांनी तो उलटा करून दाखवला. दुष्काळ आणि प्लेग यांनी माणसे मरत असताना शिल्लक उरते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त वसूल होत आहे. गरिबाच्या मिठावर त्या वेळी दर मणाला अडीच रुपये कर होता. वर्षामागून वर्षे गोखले तो कमी करण्याची मागणी करीत राहिले. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया. ज्या सभागृहात सरकारचे बहुमत ठरलेले होते, तिथे केवळ युक्तिवादाच्या बळावर मिळवलेले हे यश होते. ‘नामदार गोखले’ हे नाव देशभर झाले ते या भाषणांनी. त्याच वर्षी त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयाचा निरोप घेतला. वर्ग सुटला, शिकवणे सुटले नाही.

१९०५ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील शिखर म्हणावे लागेल. १२ जून रोजी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. देशसेवा हे फावल्या वेळेचे काम राहू नये, तिला संन्याशाची निष्ठा आणि विद्यार्थ्याची शिस्त असावी, हा त्यामागचा विचार होता. सभासदाने अल्प वेतनावर जन्मभर काम करायचे, जातिधर्माचा भेद मानायचा नाही आणि पहिली काही वर्षे केवळ अभ्यास व प्रवास करायचा, असे नियम होते. मद्रास प्रांतातील एक मुख्याध्यापक श्रीनिवास शास्त्री या समाजात आले आणि गोखल्यांनंतर त्याचे अध्यक्ष झाले. कामगार चळवळीचे ना. म. जोशी, आदिवासी आणि दलित यांच्यासाठी झिजलेले गुजरातचे ठक्कर बाप्पा, उत्तरेकडील हृदयनाथ कुंझरू हे सारे याच समाजाचे सेवक. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये काशी येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गोखल्यांकडे आले. बंगालच्या फाळणीने देश पेटला होता. गोखल्यांनी फाळणीचा तीव्र निषेध केला आणि स्वदेशीला मनापासून पाठिंबा दिला. तथापि सनदशीर मार्ग त्यांनी सोडला नाही. दोन वर्षांनी सुरत येथे राष्ट्रीय सभा फुटली. मवाळ हे विशेषण त्यांना कायमचे चिकटले.

परंतु त्यांच्या मनातील सर्वांत मोठे काम अजून व्हायचे होते. शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण त्या काळी भारतात लोकसंख्येच्या दोन टक्क्यांहूनही कमी होते. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करून दाखवले होते. संस्थानाला जे जमते ते साम्राज्याला का जमू नये, हा गोखल्यांचा सवाल होता. १९१० मध्ये त्यांनी ठराव मांडला आणि विचार करण्याचे आश्वासन घेऊन तो मागे घेतला. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयकच आणले. त्यातील मागणी अतिशय बेताची होती. जेथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जातात, अशाच ठिकाणच्या नगरपालिकांना आणि स्थानिक मंडळांना, तेही सरकारच्या परवानगीने, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा असावी. मुलींना ही तरतूद पुढे लागू करता यावी. ज्या पालकाचे उत्पन्न महिन्याला दहा रुपयांहून कमी आहे, त्याच्याकडून फी घेऊ नये. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा.

इतकी सावध मागणीही सरकारला परवडेना. पैसा नाही, इमारती नाहीत, शिक्षक नाहीत, लोकांनाच सक्ती नको आहे, असे आक्षेप आले. शेतावर आणि घरी राबणारे हात शाळेत गेले तर आपले कसे होणार, ही धास्ती काही जमीनदारांना होती. विरोध करणाऱ्यांत केवळ इंग्रज नव्हते, आपलेही होते. पंडित मदनमोहन मालवीय आणि महंमद अली जीना यांनी पाठिंबा दिला. मार्च १९१२ मध्ये दोन दिवस चर्चा झाली. गोखल्यांनी एकेक आक्षेप घेऊन त्याला उत्तर दिले. शाळा किती लागतील, खर्च किती येईल, तो कोठून उभा राहील, हे सारे मांडले. मतदान झाले. विधेयकाच्या बाजूने तेरा, विरुद्ध अडतीस. निकाल असा लागणार, हे गोखल्यांना आधीच ठाऊक होते आणि तसे त्यांनी सभागृहात सांगितलेही होते. आपल्या पिढीला अपयशाच्या रूपानेच देशसेवा करायची आहे, त्या अपयशांवर पुढच्यांचे यश उभे राहील, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

पराभवानंतर विसावा घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते. मधुमेहाने शरीर पोखरले असतानाही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ते दक्षिण आफ्रिकेला गेले. मुदतीच्या कराराने नेलेल्या मजुरांचा प्रश्न त्यांनी कायदेमंडळात आधीच लावून धरला होता. करार संपलेल्या मजुरांवर लादलेला तीन पौंडांचा कर रद्द व्हावा, म्हणून ते तेथील मंत्र्यांना भेटले. या दौऱ्यात मोहनदास गांधी सावलीसारखे त्यांच्याबरोबर होते. जोहान्सबर्गच्या सभेत कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रातील इतर मंडळी आली होती. गोखल्यांनी त्यांच्याशी मराठीत बोलावे, आपण हिंदुस्थानीत भाषांतर करू, असा आग्रह गांधीजींनी धरला. गांधीजींच्या मराठीच्या ज्ञानावर गोखल्यांचा विश्वास नव्हता. ते ऐकून त्यांना हसूच आले. पण भाषण झाले, भाषांतरही नीट उतरले आणि मग परतीच्या वाटेवर झांजिबारपर्यंत हाच क्रम चालू राहिला. इंग्रजीवरील प्रभुत्वासाठी विलायतेतही नावाजलेला हा वक्ता, घरापासून हजारो मैलांवर, आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलला. तीन पौंडांचा तो कर १९१४ मध्ये रद्द झाला.

जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी मायदेशी परतले. वर्षभर देश पाहा, ऐका आणि मग बोला, असे गोखल्यांनी त्यांच्याकडून कबूल करून घेतले. शिक्षकाने विद्यार्थ्याला दिलेला तो शेवटचा गृहपाठ ठरला. फेब्रुवारीत पुण्यात गांधीजींच्या सन्मानार्थ मंडळी जमली तेव्हा गोखल्यांना मूर्च्छा आली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. अंत्ययात्रेला लोटलेल्या समुदायात टिळक होते. पंचवीस वर्षे ज्यांच्याशी मतभेद झाले, त्याच सहकाऱ्याच्या चितेसमोर उभे राहून टिळकांनी त्यांचा गौरव केला आणि जमलेल्या लोकांना त्यांचा कित्ता गिरवायला सांगितले. तो क्षण दोघांचीही उंची दाखवणारा होता.

गोखल्यांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नांनी मुंबई प्रांतात नगरपालिकांना सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा झाला. मग एकेक प्रांत त्या वाटेने गेला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला, आणि प्रत्येक मुलीलाही, मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा देशव्यापी कायदा संसदेने २००९ मध्ये केला आणि तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. १९१२ मध्ये अडतीस विरुद्ध तेरा मतांनी हरलेली गोष्ट जवळजवळ एका शतकाने देशाने मान्य केली.

आज कोणत्याही शाळेची घंटा वाजते, मुले रांगेने वर्गात शिरतात आणि हजेरी सुरू होते, तेव्हा कुणाच्या मनात गोखल्यांचे नाव येत नाही. ते यावे, अशी अपेक्षा त्यांनीही केली नसती. ज्या मुलाचे वडील लवकर गेले, ज्याच्यासाठी भावाने शिक्षण सोडले आणि वहिनीने दागिने काढून ठेवले, त्याला एकच हिशेब चुकता करायचा होता. आपल्याला मिळालेली संधी देशातील प्रत्येक मुलापर्यंत पोहोचावी, हा तो हिशेब. त्यांच्या हयातीत तो पुरा झाला नाही. हजेरीपटावर जितकी नावे वाढतात आणि मधूनच गळणारी जितकी नावे वाचवली जातात, तितका तो थोडा थोडा पुरा होत जातो.